पांढरा उतार

"हा उतार पांढराच आला, काका," असं म्हणत आमच्या वनखात्याच्या मॅडमनी संगणक माझ्याकडे वळवला.

नकाशावर जिथे खवल्या मांजर असण्याची शक्यता जास्त, ते चौकोन लाल आणि जिथे नाही, ते पांढरे. चढ किती, झाडी कशी, पाणी किती लांब, वारुळं किती, बिळं कशी, हे आम्ही जंगलात फिरून फॉर्मात भरायचं आणि त्यावरून संगणकानं भाकीत करायचं. लाल भाग राखीव होणार होता, पांढरा दगडखाणीला जाणार होता.

संगणक बिचारा काय करणार? त्या उतारावरच्या एकेचाळीस बिळांपुढे मीच 'बंद, रिकामं' असं लिहिलं होतं. छापील सूचनाच तशी होती : मातीनं तोंड बुजलेलं बीळ रिकामं धरावं. ती लिहिणाऱ्या शहाण्यानं खवल्या मांजर बहुधा चित्रातच पाहिलं असावं. हे जनावर आत शिरलं की आतून माती लावून दार बंद करून घेतं. ताज्या मातीनं बुजलेलं बीळ म्हणजे मालक घरात आहे, हे मला बाराव्या वर्षापासून माहीत आहे.

कसं माहीत, तिथेच घोडं पेंड खातं. मी आणि दादा मिळून ही जनावरं खणून काढायचो. खवल्यांना गिऱ्हाईक होतं. एकदा दादा पोत्यासकट सापडला. मी झाडामागे होतो. तो तीन वर्षं तुरुंगात बसला, पण माझं नाव त्यानं घेतलं नाही. पुढे मला याच खात्यात नोकरी लागली. ऐकीव माहिती म्हणून सांगावं, तर मॅडम वकिलासारख्या उलटे प्रश्न विचारतात आणि मला धड खोटं बोलता येत नाही. तोंड उघडलं तर नोकरी जाणार आणि दादाची तीन वर्षं पाण्यात. नाही उघडलं तर उतार जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

शेवटी दादाकडे गेलो. तो दारात बसून खुर्चीचा वेत विणत होता.

"तू गप्प बस," सगळं ऐकून तो म्हणाला. "पोरगी कॉलेजात आहे तुझी."

"सुरुंग लागले की आतल्या आत गाडली जातील रे."

त्याचे हात थांबले. "ती एक आठवते? पिलाला पोटाशी घेऊन गोल झालेली? आपण दोघांनी ओढलं, तरी सुटली नाही."

मला आठवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात हजर. "मॅडम, मी यांचा भाऊ. खवल्या मांजरापायी जेलमध्ये जाऊन आलेला. तुमची ती बंद बिळं रिकामी नाहीत." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याला यातलं ओ की ठो कळत नाही. लहानपणी सरड्याला घाबरायचा."

मॅडम हसल्या. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दुपारी आम्ही उतारावर होतो. एका बुजलेल्या बिळापुढे दादा गुडघे टेकून बसला आणि त्यानं माती दोन बोटांनी चाचपली.

"ओली आहे, आजचीच. आत आहे ते. जरा मागे सरा, मॅडम."

मॅडम दोन पावलं मागे सरल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, नवा फॉर्म काढा. सगळी बिळं पुन्हा तपासायची. पण आधी यांचा जबाब घेऊ." त्या दादाकडे वळल्या. "अशी किती काढलीत तुम्ही?"

"मोजली नाहीत."

"आणि खणायला बरोबर कोण असायचं?"

दादा उठून गुडघ्यांची माती झटकत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणी नाही."

"लिहा, काका," मॅडम म्हणाल्या.

मी 'कोणी नाही' असं लिहिलं आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.