नऊशे पन्नास भोकांची ऑर्डर

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. व्हॉलीबॉलची. सोलापुरात ठरलेले आंतरराष्ट्रीय सामने शेवटी कोल्हापूरला झाले, आणि तेही माझ्यामुळे. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आमच्या घरात ते कुणी उच्चारत नाही. त्यामुळे तसं काही झालेलंही नाही.

तर, १९७४च्या जानेवारीत आपल्या गावाला कळलं की पुढच्याच महिन्यात हंगेरी आणि मंगोलिया हे दोन देश इथे येऊन एकमेकांशी खेळणार आहेत. ते आपापल्या घरी का खेळत नाहीत, असं कुणी विचारलं नाही. गाव कामाला लागलं. रस्त्याकडेच्या झाडांना कमरेपर्यंत गेरू आणि चुना फासला. एका झाडाला टेकून म्हैस उभी होती, तिलाही फासला. टांगेवाल्यांना ‘वेलकम’ म्हणायला शिकवलं. ते सरावासाठी घोड्यांनाच म्हणू लागले, आणि वेलकम ऐकलं की घोडे जागच्या जागी थांबू लागले. नळाला एक दिवसाआड पाणी येत असे. म्हणून पाहुण्यांनी पाण्याच्या दिवशीच घाम गाळावा, असा ठराव स्वागत समितीने एकमताने मंजूर केला.

समितीचे अध्यक्ष होते हिंदुराव. मूळचे करकंबचे, ऊसवाले. सचिव होते वेणीमाधव सर, शाळेत कवायत शिकवणारे. सरांनी एकोणीस वर्षं दोन खांबांना सुतळी बांधून मुलांना व्हॉलीबॉल शिकवला होता. एकदा तरी खऱ्या जाळीवरचा खेळ बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. ते बैठकीत म्हणाले, “पुण्याहून जाळी मागवू या.”

हिंदुरावांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. “सर, अख्खा देश आपली चादर पांघरून झोपतोय, आन् आपन जाळी पुन्याहून आणायची? लोक तोंडात शेण घालतील की!”

झालं. माझी ऑर्डर शुक्रवार पेठेतल्या वीरभद्रप्पांकडे गेली. सगळी पेठ त्यांना अप्पा म्हणते. हातमागावर एक्कावन्न वर्षं बसलेला माणूस. त्यांच्याकडे ऑर्डरीचा छापील फॉर्म होता, अर्थातच चादरीचा. त्यात लांबी, रुंदी, रंग, काठ आणि नक्षी असे रकाने होते. सरांनी लांबी साडेनऊ मीटर लिहिली, रुंदी एक मीटर लिहिली, आणि नक्षीपुढे ‘आपल्या पसंतीने’ असं लिहून सही केली. भोकांचा रकाना फॉर्मवर नव्हता. चादरीला भोकं किती हवीत, असं कोण विचारतं?

अप्पांनी व्हॉलीबॉल कधी बघितला नव्हता. त्यांनी विचारलं, “सर, हे बांधणार कुठं?”

“मैदानात मधोमध. इकडचे तिकडे जाऊ नयेत म्हणून.”

“हां हां,” अप्पा म्हणाले. “मग घट्टच पाहिजे.”

मित्रांनो, माझं बालपण फार सुखात गेलं. वीस दिवस मी मागावर होते. माझ्या अंगावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत हत्ती आले, हत्तींच्या मधून कमळं आली. दोन्ही बाजूंनी सारखीच, कारण मंगोलियाला उलटी बाजू आली असं व्हायला नको. अप्पांची बायको कमलम्मा हिने पाण्याचा तांब्या माझ्यावर ओतून बघितला. खाली थेंब पडला नाही. दोघांना फार आनंद झाला.

मी मैदानात चढले तेव्हा खांब किंचित वाकले, कारण माझं वजन आठ किलो आहे. सरांनी मला बघितलं आणि ते खाली बसले. पण दुसऱ्या दिवशी पुण्याहून निरीक्षक येणार होते आणि मैदान पास करणं न करणं त्यांच्या हातात होतं, म्हणून सर पुन्हा उठले. आपल्या मुलांचा सराव तरी घेऊन बघू म्हणाले. मुलं खेळली. पलीकडचं काहीच दिसत नसल्यामुळे प्रत्येक चेंडू आभाळातून पडल्यासारखा येई. तासाभराने लक्षात आलं की पलीकडची सहाही मुलं केव्हाच घरी जेवायला गेली आहेत आणि अलीकडची मुलं तरीही हरत आहेत.

सकाळी निरीक्षक साहेब आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पलीकडे बघायचा प्रयत्न केला.

“हे काय आहे?”

“जाळी,” सर जमिनीकडे बघत म्हणाले.

“हिला भोकं कुठं आहेत?”

अप्पा छाती काढून पुढे आले. “एकबी नाही साहेब! भिंग लावून बघा. एक जरी सापडलं तर माग मोडून चुलीत घालतो.”

“अहो, पलीकडचा खेळाडू दिसायला पाहिजे!”

“पलीकडचं दिसलं तर गिऱ्हाईक चादर परत आणतंय, साहेब.”

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. दहा सेंटिमीटरचा एक चौकोन. लांबीत पंच्याण्णव, उंचीत दहा. एकूण भोकं नऊशे पन्नास. “माझी गाडी पाचला आहे. तोवर पाडा. नाहीतर सामने कोल्हापूरला.”

कोल्हापूरचं नाव निघाल्यावर हिंदुरावांचा चेहरा पडला. “अप्पा, पाड की. तालमीवाली मानसं वर्सानुवर्सं हिणवतील आपल्याला.”

अप्पांनी कात्री घेतली. ती कात्री त्यांनी आजवर फक्त लोंबता धागा कापायला वापरली होती. ते माझ्यासमोर उभे राहिले, आणि उभेच राहिले.

“मी डोळे मिटते, तुम्ही कापा,” त्यांच्यासोबत मैदानावर आलेली कमलम्मा म्हणाली. “फक्त तुम्ही मिटू नका म्हणजे झालं.”

पहिलं भोक एका हत्तीच्या पोटात पडलं. मला दुखलं नाही. अप्पांच्या तोंडून मात्र आवाज आला.

आता उरलेली भराभर पाडावीत म्हणून हिंदुरावांनी खिशातून चाकू काढला. अप्पांनी त्यांचा हात धरला. “थांबा. कडा उसवतील. उसवलेला माल माझ्या हातून जात नाही.” आणि ते मांडी घालून त्या भोकाच्या चारी कडांना काजाचे टाके घालायला बसले. बारा वाजता बसले. मध्ये हिंदुरावांनी तीनदा घड्याळ दाखवलं आणि तिन्ही वेळा अप्पांनी त्यांना उजेड सोडून बाजूला व्हायला सांगितलं. चार वाजता त्यांनी चौथ्या कोपऱ्यावर एक छोटं कमळ काढलं आणि दोरा तोडला.

मला पुन्हा चढवलं. एका बाजूने साहेबांनी भोकाला डोळा लावला. दुसऱ्या बाजूने वेणीमाधव सरांनी लावला.

“दिसतंय का?” साहेबांनी विचारलं.

“दिसतंय हो,” सर म्हणाले. “सगळं दिसतंय.”

साहेबांनी अहवालात लिहिलं: ‘जाळीस एक भोक आढळले. काम सुबक. शिल्लक नऊशे एकोणपन्नास.’ आणि ते पाचच्या गाडीने गेले.

आठ दिवसांनी पत्र आलं. ते घेऊन सर पेठेत आले आणि उंबऱ्यावरच घुटमळले. आत मी अप्पांच्या मांडीवर होते. दुसरं भोक चाललं होतं.

“अप्पा, ते सामने...”

“पोस्टमन बोलला मला. ते इथं बोलायचं नाही.” अप्पांनी मान वर केली नाही. “ऑर्डर रद्द केल्याचं पत्र आहे का?”

सरांनी पत्र उलटंसुलटं करून बघितलं. “तसं काही लिहिलेलं नाही.”

“मग ऑर्डर चालू आहे. या, बसा. सुईत दोरा ओवून द्या, मला दिसत नाही.”

सर बसले.

तेव्हापासून दर रविवारी एक भोक होतं. सर येतात, दोरा ओवतात, भोक पूर्ण झालं की त्यातून एकदा पलीकडे बघतात. पलीकडे बहुधा कमलम्मा असते, शेंगा निवडत. ती म्हणते, “बघू नका, चहा आणते.” हिंदुरावही एकदा येऊन गेले. “लई बारीक काम हाय,” म्हणाले, आणि कोल्हापूरचं नाव न काढता उठले. आज १९७७ साल आहे. एकशे बासष्ट भोकं झाली आहेत. एकही उसवलेलं नाही. अप्पांना एकाहत्तरावं लागलंय, आणि हल्ली चौथ्या कोपऱ्यावरचं कमळ थोडं तिरकं येतं. ते तिरकं आहे असं आम्ही कुणी म्हणत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी जाळी असेल, चादर असेल. तिला गार पाण्यात धुवा, पिळू नका, आणि ती कुणी विणली हे विसरू नका. माझं स्वतःचं मात्र एकच मागणं आहे. ते मी रीतसर खाली देत आहे.

प्रति, माननीय अध्यक्ष, संबंधित आंतरराष्ट्रीय संघटना. विषय: मुदतवाढ मिळणेबाबत. महोदय, सोलापूर येथील जाळीची सातशे अठ्ठ्याऐंशी भोके शिल्लक असून, दर आठवड्यास एक याप्रमाणे सदर काम सुमारे पंधरा वर्षांत पूर्ण होईल. तरी तोपर्यंत सामने तहकूब समजावेत. दोन्ही संघांतील खेळाडूंची वये फेब्रुवारी १९७४मध्ये होती तीच कायम ठेवण्याचे आदेश व्हावेत. तसेच हाच आदेश श्री. वीरभद्रप्पा, शुक्रवार पेठ, यांच्या वयासही लागू करावा, ही नम्र विनंती.