मफद्दलच्या गळ्यातून

मी मफद्दलच्या गळ्यातला कॅमेरा. बोलायला बसलोच आहे तर आधीच सांगतो, या माणसाबद्दल माझ्या तोंडून चांगला शब्द निघणार नाही.

मोरोक्कोतल्या टँजर शहरात एका दुकानात काचेमागे होतो तेव्हा मी सुखात होतो. मफद्दल जवळच्याच असिला गावच्या पोस्टात कारकून. त्याने मला विकत घेतलं आणि गावाला फोटोग्राफर मिळाला असं स्वतःच जाहीर करून टाकलं. तेव्हापासून गाण्याची मैफल असो की चित्रांचं प्रदर्शन, हा सगळ्यांच्या पुढे. लोक डोळे मिटून ऐकत असतात आणि हा नेमका त्यांच्या पुढ्यात उभा राहतो. प्रदर्शनात तर चित्राकडे बघतच नाही. चित्रासमोर कोण उभं आहे ते बघतो.

मग त्याने माझ्या तोंडावर एक महागडी लेन्स चढवली. समोरचा चेहरा लख्ख, मागचं सगळं धूसर. माणूस कसा उठून दिसतो बघा, असं तो कॉफी पिता पिता भेटेल त्याला ऐकवतो. मला त्या लेन्सची लाज वाटते.

आमच्या गावात दर उन्हाळ्यात भिंती रंगवायचा उत्सव भरतो. गेल्या उन्हाळ्यातल्या उत्सवात पावाच्या भट्टीसमोरची भिंत शामाला रंगवायला मिळाली. शामा म्हणजे आमच्या गल्लीतल्या रहिमूची एकुलती मुलगी. तिने आईच्या गच्चीवरच्या सात कोंबड्या भिंतभर काढल्या, सगळ्या निळ्या. तिसरी एवढी जाडी नाही, असं आई रोज खालून ओरडून सांगायची. हिवाळ्यात शामा तापाने गेली.

नव्या उत्सवाआधी जुन्या भिंतींना चुना लागतो, दर वर्षीच लागतो. परवा चुनेवाले आले तेव्हा रहिमू त्या भिंतीपुढे खुर्ची टाकून बसली होती. काही केल्या उठेना. तेव्हा मफद्दल पुढे झाला. आमच्याकडे बाईमाणसाला मानाने लल्ला म्हणतात.

"लल्ला, उठा आता. माझ्याकडे या भिंतीचे चाळीस फोटो आहेत. उद्या घरी आणून दाखवतो."

"सातही आल्यात ना रे त्यात?"

"सातही."

ती उठली. खुर्ची तिची तिनेच उचलली. दुपारपर्यंत भिंत पांढरीफटक झाली.

काल त्याने गेल्या वर्षीचं कार्ड माझ्या पोटात घातलं आणि निघण्याआधी फोटो चाळले. एकोणचाळीस फोटोंत पाहुणे, त्यातल्या दोनांत तो स्वतः, आणि मागे नुसता निळा धूर. एका फोटोत मात्र मी त्याचं ऐकलं नव्हतं. पाहुण्याचा चेहरा सोडून भिंत धरली होती. सातही कोंबड्या आल्या होत्या, पीस न् पीस मोजून घ्या. "हा फसलाय," असं म्हणून मफद्दलने तो पुसून टाकला. खराब फोटो लोकांना दाखवायचा नाही, असा त्याचा बाणा आहे.

रहिमूने पुदिन्याचा चहा केला होता, शेजारच्या दोघींना बोलावलं होतं. तिने ओढणीने माझा पडदा पुसला आणि एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"यात कोंबड्या कुठल्या रे?"

मागचं असंच दिसतं, त्यानेच तर फोटोला उठाव येतो, असं मफद्दल म्हणाला. शेजारणी आपापल्या पेल्यात बघत राहिल्या.

"मग हे लोक कोण?" रहिमूने विचारलं.

त्याने एकेकाचं नाव सांगायला सुरुवात केली.

मला त्याचा तेव्हा जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही. पण माझं ऐका. पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही. त्याच्या जागी दुसरा पडेपर्यंत तो कार्डात पडून असतो, आणि संगणकातलं थोडंफार कळणारा माणूस तो बाहेर काढू शकतो. मफद्दलला हे ठाऊक नाही आणि कोणाला विचारणं त्याला कमीपणाचं वाटतं. तेच कार्ड अजून माझ्या पोटात आहे. पाच वाजता उत्सवाचं उद्घाटन आहे, नवे पाहुणे यायचेत.

आत्ता त्याने मला चौकातल्या कॉफीच्या टेबलावर ठेवलंय आणि कोणाला तरी मिठी मारतोय. पाठ इकडे आहे. कोणीतरी मला चोरा. मी जराही आवाज करणार नाही. नंतर खुशाल विका, फोडा, समुद्रात फेका. फक्त आधी कार्ड रहिमूकडे पोचवा. भट्टीसमोरच्या गल्लीत कोणीही घर दाखवेल. जरा घाई करा, चार वाजून गेलेत.