हत्तीच्या पापण्यांचा डायनासोर

पिकल्या फणसाचा आणि ओल्या सिमेंटचा वास एकत्र आला, की मला गिरिजाक्कांची बोटं दिसतात. लांब, हाडकुळी, नखांच्या कडांत करडा गिलावा सुकलेली. वैशाखात शाळेला सुट्टी लागली, की मैदानाच्या कोपऱ्यातल्या डायनासोरच्या पायाशी त्या सकाळभर बसत. जिथे पोपडा निघाला असेल तिथे गिलावा थापत, आणि तो ओला असतानाच फणसाच्या सालीचा काटेरी तुकडा त्यावर दाबून अलगद उचलत. मागे उरे ती कातडी: युगांपूर्वी लोपलेल्या प्राण्याची, देवराज मोहल्ल्यातल्या फळवाल्याने दिलेल्या सालीतून उमटलेली.

अक्कांचं घराणं म्हैसूरला कधी आलं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी होती, अर्धी कन्नडात भिजलेली. या शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली आणि तरुणपणी पुस्तकातल्या एका चित्रावरून हा प्राणी उभा केला. मी याच शाळेत नोकरीसाठी सोलापूरहून आले, अग्रहार नावाच्या वस्तीत त्यांच्याच माडीवर भाड्याने राहिले. पहिल्यांदा त्याला पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभा केल्यासारखा तो ताठ होता, आणि जाड शेपूट जमिनीला टेकवून तिच्यावर रेलला होता. जबडा भयंकर. पण अक्कांनी लहानपणापासून जवळून पाहिले होते ते दसऱ्याचे हत्ती. म्हणून त्या क्रूर तोंडावर त्यांनी जड, सुरकुतलेल्या, लांब केसांच्या पापण्या बसवल्या होत्या. सगळं जग गिळायला निघालेला तो प्राणी मिरवणुकीहून थकून परतलेल्या हत्तीच्या नजरेने बघे. मुलं त्याला ‘अज्जा’ म्हणत, म्हणजे आजोबा.

एका वर्षी शाळेने ठरवलं, की अज्जाला पाडायचं आणि त्याच्या जागी बटण दाबताच डरकाळी फोडणारा फायबरचा नवा प्राणी आणायचा. मी पेटले. गिरणी कामगारांच्या पत्रकांवर अक्षरं गिरवत वाढलेली मी. एका संध्याकाळी बसून पत्रक लिहून काढलं. ‘शास्त्रशुद्ध शिल्पाचा हा वारसा वाचवा!’ खाली सह्यांसाठी रेघा आखल्या आणि पहिली रेघ अक्कांसाठी सोडली.

त्यांनी चष्मा पुसला, लाल पेन्सिल घेतली, आणि ‘शास्त्रशुद्ध’वर आडवी रेघ मारली.

“अय्यो, सुम्ने, उगाच खोटं कशाला लिहितेस? याची शेपूट चुकलीय.”

“अक्का, लढाईत एवढं चालतं.”

“लढाई तुझी असेल गं. शेपूट माझी आहे.”

“ते पाडतील त्याला!”

“पाडू देत. खोटा उभा राहण्यापेक्षा बरं की नाही, अल्वा?”

पत्रक त्यांनी नीट घडी घालून परत दिलं. मला अपमान वाटला. रात्रभर वाटत राहिला. 

दोन दिवसांनी अज्जाच्या पायाशी एक पत्र्याची पाटी उभी होती. कन्नड अक्षरं, अक्कांच्या वळणाची. ‘याची शेपूट जमिनीला टेकत नसे, ती मागे अधांतरी असे. मी चुकले. पापण्या हत्तीच्या आहेत. कातडी फणसाची. रंग कोणता होता, ते कोणालाच ठाऊक नाही.’

मुख्याध्यापकांनी ती पाटी उभ्याउभ्या दोनदा वाचली. विज्ञानाच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी अख्खा वर्ग तिथे आणून बसवला आणि विचारलं, आणखी काय चुकलंय?  दोन वेण्यांची एक मुलगी उठून म्हणाली, “मिस, याच्या हाताला पाच बोटं आहेत. दोनच पाहिजेत.” अक्का कुंपणाशी उभ्या होत्या. इतक्या मोठ्याने हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी पाटीवर बारीक अक्षरात आणखी एक ओळ आली: ‘बोटंही चुकली.’ आणि खाली त्या मुलीचं नाव.

पाडण्याचं त्या वर्षी राहिलं. पुढच्या वर्षी तो विषयच कुणी काढला नाही. माझं पत्रक अजून घडीत आहे, लाल रेघेसकट.

अक्का आता नाहीत. या वैशाखात अज्जाच्या गुडघ्याला तडा गेला, म्हणून मी फळवाल्याकडून साल मागून आणली, गिलावा कालवला, आणि त्या बसत तिथे बसले. साल मी जोरात दाबली. कातडी फाटल्यासारखी उमटली. पुन्हा थापलं, पुन्हा दाबलं. ऊन वर चढत गेलं तशी पापण्यांची सावली त्या सिमेंटच्या गालावरून हळूहळू सरकत होती, आणि मी अक्कांना तुकड्या-तुकड्याने जोडत होते: ती बोटं, तो चष्मा, कुंपणाजवळचं ते हसू. त्या दिवशी त्यांनी कोणतं लुगडं नेसलं होतं? कधी मोरपंखी आठवतं, कधी विटकरी. दोन्ही रंग तितकेच खरे वाटतात.

काळ हाडं ठेवतो आणि रंग घेऊन जातो. तिथे मी माझ्या मनचा रंग भरणार नाही. अक्कांची अशी पाटी लिहायची झाली, तर लुगड्याच्या रंगापुढे मीही त्यांचीच ओळ लिहीन: ‘ठाऊक नाही.’