मागच्या भिंतीला कुणी लावलंच नाही

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे आणि मी रागावले आहे. शिडीला कसला राग, असं म्हणून हसू नका. मला अकरा पायऱ्या आहेत आणि आज अकराही करकरताहेत.

माझा जन्म एका जुन्या सागवानी तुळईतून झाला. मला घडवणारा सुतार कमी बोलायचा. पायरी बसवली की तो स्वतः तिच्यावर उभा राहून दोन उड्या मारायचा. "आपलं वजन टाकल्याशिवाय दुसऱ्याला चढ म्हणू नये," एवढंच तो म्हणाला. माझ्या कानावर पडलेलं ते पहिलं वाक्य, आणि माझ्या दृष्टीने तोच वेद.

आप्पांनी मला घरी आणलं तेव्हा ते तरणेबांड होते. दरवर्षी पावसाआधी ते मला आधी पुढच्या आणि मग मागच्या भिंतीला लावत आणि एकेक कौल उचलून, पुसून पुन्हा बसवत. वर बसून भजन म्हणत. त्यांचा सूर आणि माझी करकर अशी आमची जुगलबंदी चाले. "आमची शिडी म्हणजे घरातली थोरली लेक," असं ते लोकांना सांगत. पुढे त्यांचे गुडघे गेले. थोरली लेक न्हाणीमागे आडवी पडली. माझ्यावर पायपुसणी वाळू लागली, मांजर व्यालं, आणि माझी सातवी पायरी तडकली तरी कुणाला पत्ता लागला नाही.

घरात आप्पा आणि त्यांची सून. मुलगा बोटीवर नोकरीला. सूनबाई मागच्या खोलीत मशीनवर कपडे शिवते. तिला एका रुग्णालयाचं मोठं काम मिळालं होतं: परिचारिकांचे चाळीस पांढरे कोट. हे वेळेवर दिले की वर्षभराचं काम पक्कं. आणि नेमकं त्याच खोलीचं छप्पर ठिबकू लागलं.

मग ठेकेदार आला. इस्त्रीचा सदरा, पॉलिशचे बूट आणि जिभेवर खडीसाखर. अंगणात उभं राहूनच त्याने मान वर केली आणि म्हणाला, "चार दिवसांचं काम, ताई. डोळे मिटून झोपा."

सूनबाईने विचारलं, "आधी कुणाकडे केलंय तुम्ही? एखादं घर बघितलं असतं."

"माझं काम देव बघतो, ताई," तो म्हणाला. आप्पा ओसरीवर भजन गुणगुणत होते. ठेकेदाराने अलगद त्या भजनाचं धृपद उचललं, तेही अगदी आप्पांच्या पट्टीत! आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सूनबाई, दारी आलेल्या माणसाची झडती घ्यायची का? इतका सुरात गाणारा माणूस खोटं बोलेल?"

बोलेल, आप्पा! सुरातच बोलेल! मी न्हाणीमागून ओरडत होते, पण लाकडाचं कोण ऐकतं?

त्याच्या माणसांनी मला पुढच्या भिंतीला लावलं. रस्त्यावरून दिसतात तेवढ्या तीन ओळींत कोरी लाल कौलं बसवली. मला वाटलं, आता मागे नेतील. मागे फणसाएवढं भगदाड होतं, वासा कुजला होता. चौथ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा आडवं टाकलं. मागच्या भिंतीला मला कुणी लावलंच नाही! ठेकेदाराचा बूट तर माझ्या पहिल्या पायरीलाही लागला नाही. आप्पा मात्र रस्त्यावर उभे राहून लाल कौलांचं कौतुक करत होते.

पाचव्या दिवशी भरदुपारी पाऊस आला. कुजका वासा मोडला आणि मातीचं तांबडं पाणी थेट घडी घातलेल्या कोटांवर कोसळलं. सूनबाई दोन्ही हात पसरून त्या ढिगावर पालथी पडली. चाळीसपैकी चौदा कोटांचे डाग गेलेच नाहीत. काम दुसऱ्या शिंप्याकडे गेलं.

आप्पा म्हणाले, "देवाची इच्छा."

त्या वेळी प्रथमच सूनबाईचा आवाज चढला. "आप्पा, पाऊस देवाचा. भोक त्या माणसाचं. देवावर ढकलू नका."

ठेकेदाराचा फोन लागत नव्हता, हे सांगायला हवं का?

मग सूनबाईने एक मिस्त्री शोधला. घसा बसलेला, बोलणं खरखरीत. आल्या आल्या त्याने मला उचललं, हलवलं आणि सातव्या पायरीवर बोट ठेवलं. "ही तडकलीय. घरातल्या कुणाला दिसली नाही?" त्याने आधी मला तारेने घट्ट आवळलं. मग मला उचलून सरळ मागच्या भिंतीला लावलं. मित्रांनो, किती वर्षांनी!

उतरून तो म्हणाला, "तीन घरांचे पत्ते देतो. बघायला पावसात जा, उन्हात नको. उन्हात कुणाचंच छप्पर गळत नाही." सूनबाई भिजत तिन्ही घरं पाहून आली, तिथल्या बायकांशी बोलली आणि मगच हो म्हणाली. काम संपल्यावर तो तिला म्हणाला, "वहिनी, पदर खोचा आणि स्वतः वर जाऊन बघा." ती चढली. खाली मला धरून उभे होते आप्पा. ते गुणगुणू लागताच मिस्त्री खेकसला, "आजोबा, गाणं नंतर. दोन्ही हातांनी धरा!"

आणि परवा काय झालं ऐका. शेजारच्या अंगणातून तोच गोड गळा ऐकू आला. "डोळे मिटून झोपा, काकू." शेजारीण मान डोलावत होती. आप्पा उठले. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांनी मला फरफटत नेलं. माझे पाय सोलवटले, पण मी हूं की चूं केलं नाही. त्यांनी मला शेजारणीच्या मागच्या भिंतीला लावलं आणि मोठ्याने हाक मारली.

"या बुवा! आधी चढा. मग दोघं मिळून गाऊ."

ठेकेदाराने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे. "चप्पल घालून येतो," म्हणाला. अजून यायचाच आहे.

मित्रांनो, आप्पांनी आता मला ओसरीवर, सुक्या जागी ठेवलं आहे. सातवी पायरी नवी बसवली, आणि तिच्यावर आधी स्वतः उभे राहिले. तरी माझा राग गेलेला नाही, कारण ते चौदा कोट अजून खुंटीवर आहेत. तुमच्या घरी कुणी छप्पर दुरुस्त करायला आलं, तर त्याला पाणी द्या, मान द्या, त्याच्याबरोबर गायचं तर गा. पण तुमची शिडी न्हाणीमागे कुजू देऊ नका. ती आधी मागच्या भिंतीला लावा, आणि तो चढतो का ते बघा.