ब्लीचिंग पावडरच्या पिंपातली वही

आपल्या मुलाचे गुण कळले की पाठोपाठ शेजारच्याच्या मुलाचे गुण विचारायचे, ही खोड आपल्यातल्या किती जणांना आहे? वाचकहो, खरं सांगा! सोलापुरात रंग-रसायनांचं दुकान चालवणाऱ्या गुरुसिद्धप्पांना ती भारीच होती. त्यांचा मुलगा शरणप्पा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. पण जेवताना ताटावर विषय निघायचा तो शरणप्पाच्या वर्गातल्या बिरदेवचा.

बिरदेव सांगोल्याकडचा, मेंढपाळाच्या घरातला. बोर्डिंगात राहायचा, दोन सदऱ्यांवर वर्ष काढायचा. प्रयोगशाळेत मात्र त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. शरणप्पा अर्ध्या प्रयोगांना दांडी मारी आणि मग बिरदेवची प्रयोगवही घरी नेऊन उतरवून काढी. बिरदेवही हसत द्यायचा.

१९७४ सालच्या फेब्रुवारीत एक दिवस असाच बिरदेव दुकानात वही द्यायला आला. त्या वेळी रंगारी कारखान्याचे मालक निंगप्पा गल्ल्याशेजारी बसून कुरकुरत होते.

"गुरुसिद्धप्पा, माल बदलून द्या बा. चादरीचा तांबडा रंग सकाळी झ्याक बसतोय, दुपारी नुसते चट्टे!"

बिरदेवनं दबकत विचारलं, "मालक, दुपारी रंगाची पिंपं कुटं असत्यात?"

"कुटं म्हंजे? पत्र्याखाली."

"मग मालाचा दोष न्हाय. ह्या रंगाला दोन पाणी मिसळत्यात, त्यातलं एक थंडच ठेवाय लागतंय, तापलं की त्यातला गुण जातोय. आमी प्रयोग करताना बीकर बर्फात ठेवतो. तुमी पिंपात बर्फ टाकून बघा की."

निंगप्पांनी बर्फ टाकून बघितला. चट्टे गेले! आठवड्यानं ते पेढे घेऊनच दुकानात आले. "हा पोरगा पास झाला की माझ्याकडं केमिस्ट म्हणून ठेवणार मी," असं त्यांनी जाहीर केलं. गुरुसिद्धप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि भरल्या दुकानात म्हणाले, "ठेवाच. आमचा हाय की, नुसता नावाचा बीएस्सी. रसायनाच्या गोण्या उचलायला बरा."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. शरणप्पाच्या अंगाची लाही लाही झाली. तो बर्फाचा प्रयोग त्याच्याही वहीत होता, सुवाच्य अक्षरात. पण त्या दिवशी तो सिनेमाला गेला होता, आणि उतरवताना आपण काय लिहितोय हे काही त्यानं वाचलं नव्हतं! चूक आपली आहे हे त्याला कळत होतं, पण कळूनही राग बिरदेवचाच आला. मेंढरामागं फिरणारं पोर, आणि माझ्या बापासमोर मला खाली बघायला लावतं! मत्सर हा असाच असतो. तो कारण शोधत बसत नाही, माणूस शोधतो.

आता या प्रयोगवहीचं महत्त्व ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षभराचे प्रयोग त्या वहीत लिहायचे, प्रत्येकाखाली सरांची सही घ्यायची. सह्यांची वही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणजे वर्ष बुडालं. बिरदेवच्या वडिलांनी तर बजावूनच ठेवलं होतं, "ह्या साली पास न्हाय झालास तर मेंढरं घिऊन माज्यासंगं चलायचं."

मार्चमध्ये परीक्षेला दहा दिवस उरले असताना शरणप्पानं ती वही शेवटची उतरवायला म्हणून नेली. वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दुकानामागच्या गोदामात एका झाकण फुटलेल्या पिंपात खोल खुपसून ठेवली. परीक्षा झाली की सापडल्याचं नाटक करू, असा त्याचा बेत होता.

"शरणप्पा, माजी वही?"

"दिली की तुला बुधवारी! बोर्डिंगात बघ नीट."

बिरदेवनं बोर्डिंग उलटंपालटं केलं. वर्गातल्या प्रत्येकाला विचारलं. आठवडाभर तो धड जेवला नाही. शरणप्पाला पहिले दोन दिवस बरं वाटलं. मग बिरदेव समोरून येताना दिसला की तो रस्ता बदलू लागला.

वह्या जमा करायच्या आदल्या दिवशी शरणप्पा आपली वही घेऊन प्रयोगशाळेत गेला. आत गुरप्पामामा एकटेच परीक्षानळ्या धूत होते. एकवीस वर्षं ते त्या प्रयोगशाळेत हमाली करत होते. हात पुसून त्यांनी वही चाळली आणि एका पानावर थांबले.

"हे काय लिवलंयस? 'ब्युरेट गळत असल्यामुळे आकडा चुकला.'"

"गळत होती मामा, म्हणून लिहिलं."

"गळत हुती ती मापाची नळी बिरदेवच्या टेबलावरची. मीच बदलली. तू त्या दिवशी आलाच न्हवतास!" मामा गालात हसले, पण लगेच त्यांचा चेहरा गंभीर झाला. "त्येची वही कुटं हाय, शरणप्पा?"

शरणप्पाचा बांध फुटला. "सारखं बिरदेव, बिरदेव! घरात बिरदेव, दुकानात बिरदेव! निंगप्पा त्यालाच ठेवणार. मग माझं काय? मी शिकून करायचं काय?"

मामांनी स्टूल पुढं सरकवलं. "बस हितं. ह्या नळ्या धुता धुता मी लई पोरं बघितली. एक टेंभुर्णीच्या शाळंत शिकवतोय. एक साखर कारखान्यात उसाचा रस तपासतोय. एक दवाखान्यात रक्त तपासतोय. वैरागचा एक शेतकऱ्यास्नी माती तपासून खत सांगतोय. समद्यांनी ह्याच टेबलावर हात भाजून घेतलं. एकानं दुसऱ्याची वाट अडवल्याचं मी बघितलं न्हाय. पयला तूच!"

शरणप्पानं आपली वही मिटून जवळ ओढली.

"त्येच्या नळीतलं पाणी तांबडं झालं म्हणून तुज्या नळीतला रंग उडतोय व्हय? तुजी नळी तर तू अजून हातात बी घेतली न्हाईस. आदी ती घे, मग रड."

शरणप्पा उठला आणि सायकलवर टांग टाकून थेट गोदामात गेला. पिंपात हात घालून त्यानं पुडकं ओढून काढलं. वर्तमानपत्राचा कागद हातातच फाटला. त्यानं घाईनं वही उघडली.

वहीत एकही अक्षर नव्हतं! निळी शाई उडाली होती. लाल शाईतल्या सरांच्या सह्या उडाल्या होत्या. पानांवर कुठंकुठं पिवळट ओरखडे आणि पेन्सिलीच्या रेघा तेवढ्या राहिल्या होत्या. त्यानं पिंपाकडं पाहिलं. ते ब्लीचिंग पावडरचं होतं. उन्हाळा म्हणून गोदामात रोज पाणी शिंपडत होते, त्या ओलीनं पावडरीनं आपलं काम चोख केलं होतं. पावडर रंग घालवते हे त्याच्या पुस्तकात होतं. ती विकूनच तर त्याच्या बापानं घर चालवलं होतं. आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या या विद्यार्थ्याला वही लपवताना ते आठवलं नव्हतं!

"अप्पा!" तो तिथंच खाली बसून ओरडला.

गुरुसिद्धप्पा धावत आले. त्यांनी वही पाहिली, सगळं ऐकून घेतलं. मारायला उचललेला हात त्यांनी मध्येच खाली घेतला. "चल कॉलेजात," ते म्हणाले. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "गिऱ्हाइकांसमोर तुला तसं बोललो ते माझं चुकलं बा."

विभागप्रमुखांसमोर शरणप्पानं एकही गोष्ट लपवली नाही. बिरदेवही तिथं होता. तो वहीचं एकेक पान उलटत राहिला. सरांनी प्रयोगांची हजेरी आणि गुणांचं रजिस्टर मागवलं. बिरदेवचा प्रत्येक प्रयोग त्यात नोंदलेला होता.

"दोन दिवसांची सवलत देतो. वही पुन्हा लिहून आण, मी सह्या करतो," सर बिरदेवला म्हणाले. मग शरणप्पाकडं वळले. "तू या खेपेला परीक्षेला बसायचं नाही. सगळे प्रयोग स्वतःच्या हातानं कर आणि ऑक्टोबरात ये."

"सर, याची वही मी लिहून देतो," शरणप्पा म्हणाला. "माझ्याकडं ती आहेच. माझी सगळी वही याचीच आहे."

बिरदेवला परीक्षेचा अभ्यास होता म्हणून सरांनी होकार दिला. दोन दिवस शरणप्पा वाचनालयात बसून लिहीत होता. या वेळी मात्र तो प्रत्येक ओळ वाचत होता. बर्फाचा प्रयोग आला तो त्यानं दोनदा वाचला आणि मगच लिहिला.

बिरदेव परीक्षेला बसला आणि पहिल्या वर्गात आला. निंगप्पांनी शब्द पाळला. शरणप्पा उन्हाळाभर प्रयोगशाळेत गुरप्पामामांच्या नजरेखाली हात भाजून घेत राहिला. ऑक्टोबरात तो पास झाला. पुढं त्यानं दुकानातच एक टेबल टाकलं आणि रंगाऱ्यांना त्यांच्या विहिरीचं पाणी तपासून द्यायला लागला. त्यात पहिली बाटली आली ती निंगप्पांच्या कारखान्यातून, बिरदेवच्या हातून.

त्या दिवशी बिरदेवनं विचारलं, "ती माजी उडालेली वही हाय का रं?"

शरणप्पा कानकोंडा झाला. वही त्यानं कपाटात जपून ठेवली होती, ती काढून पुढं केली. "काय करतोस ती नेऊन? एक अक्षर राहिलं नाही त्यात."

बिरदेवनं पान उघडलं. शाई उडाली होती, पण पेन्सिलीनं काढलेल्या उपकरणांच्या आकृत्या जशाच्या तशा होत्या. पेन्सिलीला पावडर काही करू शकली नव्हती.

"आईला दाखवायची हाय," बिरदेव म्हणाला. "अक्षरं तिला कुटं वाचता येत्यात? ती चित्रंच बघती, आन् शेजारणींना दावती. ती हायती तेवढी बास."

शरणप्पाच्या मनात आलं, आपण जे पुसून टाकलं ते या माणसानं मनात ठेवलं नाही, आणि जे राहिलं तेवढंच घेऊन चालला!

वाचकहो, दुसऱ्याचं नाव पुसून आपलं नाव उमटत नाही. आपली वही आपल्यालाच लिहावी लागते. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, मुलाला शेजारच्याच्या मापानं मोजण्याआधी तो आज काय शिकला, एवढं एकदा विचारून पाहा.