पालीचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, आपल्याला एकच अक्षर येतं, पोंऽऽ. तेवढ्यावरच आपलं शिक्षण खलास. पण दिवसभर बडबड करणाऱ्या माणसांना जे सांगता येत नाही ते मी एका दमात सांगतो. म्हणून जरा ऐका.

माझं तोंड पितळी. पितळेचं नाही, नुसता रंग. मागे काळा रबरी गोळा. गोळा दाबला की तोंडातून आवाज. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते खोक्यावर छापलेलं होतं, पण आपल्याला वाचता कुठे येतं. डोळे उघडले तेव्हा शारजात, रोल्लाच्या बाजारातल्या एका दुकानात, मोबाइलची कव्हरं आणि लहान पोरांच्या चपला यांच्या मधे खिळ्याला लटकलो होतो.

येणारा प्रत्येक जण मला दोनदा दाबायचा, 'चालतोय, चालतोय' म्हणायचा आणि कव्हर घेऊन जायचा. माणसांची ही सवय आपल्याला कधी कळली नाही. चालतोय हे बघायचं, आणि घ्यायचं नाही. मग मीपण मजा घ्यायचो. दुकानदार खाली वाकला की खिळ्यावरून सुटून थेट त्याच्या पाठीवर. पोंऽऽ. तो बिचारा चहा सांडायचा. दुकानात तेवढीच करमणूक.

मग एका शनिवारी सुरेश आला.

सुरेश म्हणजे चाळिशीचा, पोट जरा पुढे. इथून दीड-दोन तासांवर मुसाफात एसीच्या डक्टचं वर्कशॉप आहे, तिथे सुपरवायझर. राहायला तिथंच जवळ मोहम्मद बिन झायद सिटीत, एका व्हिलातल्या खोलीत, याकूबबरोबर. याकूब रत्नागिरीकडचा, त्याच वर्कशॉपचा ड्रायव्हर. रोल्लाला याकूबच्या मावसबहिणीकडे दोघं जेवायला आले होते.

"हे काय घेतलंस बाबा?" याकूब म्हणाला.

"उद्या पालीची मॅच आहे. आपल्या भागातल्या मराठी ग्रुपवर मेसेज आलाय. भोंगे, थाळ्या घेऊन सपोर्टला या म्हणून."

"पालीची? तुझ्या गावाची? इथं?"

"मग काय. आपल्याकडची पोरं असणार. मला एकानंही सांगितलं नाही बघ. एवढी वर्षं इथं आहे मी."

सुरेश पालीचा. रायगड जिल्ह्यातली, गणपतीची पाली. बायको सुजाता, म्हातारे वडील, सगळे तिकडेच. पालीचं नाव घेऊन कोणी वाळवंटात बोलावलं असतं तरी गडी पाण्याची बाटली घेऊन गेला असता.

परतताना मला मागच्या सीटवर टाकलं. याकूब डुलकी काढायला मागे बसला तो नेमका माझ्यावर. मी असा ओरडलो की सुरेशनं गाडी बाजूला घेतली. याकूब पार घरापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेश दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ग्राउंडवर हजर. एका हातात मी. तो प्रत्येकाचं तोंड बघत हिंडतोय, कोणी ओळखीचं दिसतंय का. दिसत होती तेरा-चौदा वर्षांची पोरं-पोरी, डोक्यावर हिरव्या टोप्या. एक बाई शिट्टी घालून पुढे आली. तिचं नाव अपर्णा, ती पोरांची कोच.

"तुमचं मूल कोणतं?" तिनं विचारलं.

"मूल नाही. मी पालीचा."

"आम्ही सगळेच पालीचे," अपर्णा हसली.

"हो का? कुठल्या आळीतले?"

अपर्णा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं डोक्यावरची टोपी काढून त्याच्यापुढे धरली. टोपीवर पाल होती. भिंतीवरची असते ती, शेपटीसकट.

"टीमचं नाव गेकोज," ती म्हणाली. "गेको म्हणजे पाल. पोरं गेकोज म्हणतात, आम्ही आईबाप पाली म्हणतो. उद्या पालींची मॅच आहे, असं मीच टाकलं होतं ग्रुपवर."

सुरेशनं मोबाइल काढून मेसेज परत वाचला. "मॅडम, इथं टिंब नाहीये. पालीची लिहिलंय. पालींची असतं तर मी झोपलो असतो."

"घाईत राहिलं असेल हो."

बघा, एका टिंबापायी माणूस गावाला जायचा तो भिंतीवर चढला. आणि आम्हाला अडाणी म्हणतात.

"आणि स्टम्प कुठं आहेत?" सुरेशनं विचारलं.

"बेसबॉल आहे हा."

सुरेश खरं तर निघाला होता. मला काखेत मारून वळलासुद्धा. तेवढ्यात अपर्णाची मुलगी मिहिका धावत आली. ही टीमची बॉलर, बेसबॉलमध्ये पिचर म्हणतात. "अंकल, डोन्ट गो ना. वी हॅव नो नॉइज."

खरंच कोणी थाळी आणली नव्हती. तीन-चार आईबाप, तेही मोबाइलमध्ये घुसलेले. सुरेश थांबला आणि त्यानं मला दाबलं. पोरांनी वळून बघितलं, हसली. मला पहिल्यांदा कोणीतरी विकत घेऊन दाबलं होतं. लय बरं वाटलं.

पाली हरल्या. बदाबदा हरल्या. पुढच्या रविवारी परत हरल्या. पण रविवारी दुपारपर्यंत लोळणारा सुरेश आता सकाळी सहाला उठून बर्फाचा डबा भरायला लागला. वर्कशॉपमध्ये पडलेले थर्माकोलचे तुकडे लावून त्यानं डबा असा बनवला की दुपारपर्यंत बर्फ हलत नव्हता. पोरं त्याला कूलर अंकल म्हणायला लागली.

खेळ मात्र त्याच्या डोक्यात शिरेना. डोकं क्रिकेटचं. बॉल बॅटला लागून मागे उंच उडाला की हा मला दाबायचा, चौकार म्हणून. बेसबॉलमध्ये तो फाउल. समोरच्या टीमचे आईबाप हसायचे, मी मात्र जोरात वाजायचो. बेइज्जती त्याची, गळा माझा.

सुरेश एकटाच तसा नव्हता. वेद नावाचा एक पोरगा होता, तो क्रिकेट अकॅडमीतून आलेला. बॉल मारला की बॅट टाकून बेसकडे, म्हणजे जमिनीवरच्या उशीसारख्या थांब्याकडे, पळायचं, हे साधं. पण हा बॅट घेऊनच पळायचा आणि बेस जवळ आला की क्रीजमध्ये टेकवतात तशी बॅट जमिनीवर सरकवायचा. अंपायर आऊट द्यायचा, कारण बेसला माणूस लागावा लागतो, लाकूड नाही.

"वेद, बॅट टाक म्हणून किती वेळा सांगू?" अपर्णा ओरडायची.

"सॉरी मॅम. मसल मेमरी."

अपर्णा जळगावला कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेली. तिला हे बघून डोकं धरावंसं वाटायचं, आणि ती धरायचीच.

मग एकदा भलतंच झालं. एक उंच बॉल आला, मिहिका त्याच्याखाली हात पसरून उभी, आता कॅच घेणार. सुरेशला दम धरवेना. त्यानं कॅचच्या आधीच मला दाबलं. मिहिका दचकली, बॉल खाली, समोरच्यांच्या दोन रन. तीही मॅच गेली.

"सुरेशभाऊ," अपर्णा हात जोडून म्हणाली, "तुम्ही या, बर्फ आणा, सगळं करा. पण हा गाडीत राहू दे."

हा म्हणजे मी. दाबलं कोणी, शिक्षा कोणाला. त्या दिवसापासून डिकीत स्पेअर टायरशेजारी. टायरशी काय बोलणार. तो तर माझ्यापेक्षा अडाणी.

जानेवारीत अर्धा सीझन संपत आला. सहा टीममध्ये पाली सहाव्या, एकही पॉइंट नाही. लीगच्या मीटिंगला अपर्णा गेली आणि तोंड पाडून आली. ग्राउंड कमी, टीम जास्त. अर्ध्या सीझनपर्यंत ज्या टीमला एकही पॉइंट नाही ती मोडायची, पोरं बाकीच्या पाच टीममध्ये वाटायची, असा नियम. पालींची एक मॅच उरलेली. जिंकली किंवा बरोबरी झाली तर टीम राहणार.

"मी विनंती केली," अपर्णा म्हणाली. "लीगचा साहेब म्हणाला, बघू, इन्शाल्ला."

"कसं म्हणाला?" सुरेशनं विचारलं.

"कसं म्हणजे?"

"वर बघून म्हणाला, की मोबाइलकडे बघून?"

"मोबाइलकडे."

मोबाइलकडे बघून म्हटलेल्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असतो, हे इथे वर्ष काढलेल्या कोणालाही शिकवावं लागत नाही.

संध्याकाळी खोलीत तो जेवलाच नाही धड. त्या दिवशी मला डिकीतून वर आणलं होतं, पुसायला. ते पुसणंपण राहिलं.

"अरे, पोरांचा खेळ तो," याकूब म्हणाला. "टीम मोडली तर दुसऱ्या टीममध्ये खेळतील. तुला काय टेन्शन?"

"पोरं खेळतील रे. अपर्णा मॅडम मिहिकाच्या मागे जातील, वेदचे आईबाप वेदच्या मागे. ज्याचं पोर जिथं, तो तिथं."

"बरोबर."

"मी कोणाच्या मागे जाऊ?"

याकूबनं चपातीचा तुकडा ताटात परत ठेवला. "तू पण ना," एवढंच म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून गाडी धुतली. "रविवारी मी येतो," म्हणाला. "एक माणूस तर वाढेल."

तर तो रविवार. थंडी, सकाळचं ऊन, मैदानावर खडूच्या पांढऱ्या रेघा. सुरेशनं मला पिशवीत घालून आणलं होतं. वाजवायला नाही, नुसतं बरोबर. माणसं अशी असतात, हातात काहीतरी लागतं.

पाली त्या दिवशी बऱ्या खेळल्या. मिहिकाचा हात चालला होता. तरी शेवटची बॅटिंग आली तेव्हा समोरच्यांच्या सात रन, आपल्या सहा. एक जण आऊट झालेला. मिहिका तिसऱ्या बेसवर. तिथून पळून जिथे बॅटिंग करतात तिथे, ह्या खेळात त्याला घर म्हणतात, पोचली की एक रन, म्हणजे बरोबरी. टाइम संपत आलेला, यानंतर नवी इनिंग नाही.

आणि बॅटिंगला कोण? वेद.

"या अल्ला," याकूब म्हणाला. दोन तासांत त्याला सगळा खेळ कळला होता.

सुरेशचा हात पिशवीत आला. बोटं माझ्या गोळ्याभोवती. घामानं चिकट. म्हटलं, आता हा दाबतो आणि परत सगळ्याची वाट लावतो.

वेदनं मारला. जोरात नाही, बॉल आपला गडगडत गेला. वेद पळाला. बॅटसकट. बेस जवळ आला तसा गड्यानं सूर मारला, बॅट लांब केली आणि टेकवली. बॅट बेसला, वेद मातीत, आणि बॉल आधीच बेसवरच्या पोराच्या हातात.

आऊट.

पण त्या पोराला हसू आवरेना. पालथा पडलेला वेद, पुढे ताठ धरलेली बॅट. तो वाकून हसायला लागला, त्याचे दोस्त हसायला लागले, आणि बॉल हातात तसाच. मिहिका मात्र हसत नव्हती. ती पळत होती. कोणीतरी ओरडलं तेव्हा ती घरी पोचली होती.

समोरचा कोच धावत आत आला. बॅट घेऊन पळाला, रन धरू नका, म्हणून. अंपायर शांत माणूस, फिलिपिनो. त्यानं दुसऱ्या अंपायरला बोलावलं. दोघं डोकं जोडून उभे.

"मॅडम," सुरेशनं विचारलं, "आऊट की रन?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं असेल?"

"वेद आऊट, पण तो दुसरा आऊट. तिसरा झाल्याशिवाय इनिंग संपत नाही, म्हणून मिहिकाची रन धरायला पाहिजे." अपर्णानं शिट्टी दातात धरली होती, त्यामुळे शब्द चावल्यासारखे येत होते. "पाहिजे. धरतील की नाही बघू."

याकूब आकाशाकडे बघत होता. सुरेशनं डोळे मिटले. माझ्यावरची बोटं आवळली, सैल झाली, परत आवळली. मी दम धरला. आयुष्यात पहिल्यांदा मलाच वाजायचं नव्हतं.

अंपायर सरळ झाला. सात-सात, असं बोटांनी दाखवलं.

पुढचा पोरगा तीन वेळा हवेत बॅट फिरवून आऊट झाला आणि मॅच संपली. बरोबरी. एक पॉइंट.

कोणी नाचलं नाही. बरोबरी झाल्यावर काय करायचं असतं हे पालींना माहीतच नव्हतं. अपर्णा जाऊन बर्फाच्या डब्यावर बसली आणि बूट काढले. मिहिका तिच्या मांडीवर डोकं टाकून पडली. सुरेश वेदजवळ गेला आणि त्याचा मातीनं माखलेला हात धरून हलवत राहिला.

"अंकल, आय वॉज आऊट," वेद म्हणाला.

"माहीत आहे रे. भारी आऊट झालास."

मग तो गाडीच्या सावलीत आला, मला मांडीवर घेतलं आणि घरी फोन लावला. पालीला, खऱ्या पालीला.

"जिंकलात का?" सुजातानं विचारलं.

"नाही."

"मग हरलात."

"नाही गं."

"अहो, मग झालं काय?"

सुरेशनं मैदानाकडे बघितलं. पोरं डब्यातला उरलेला बर्फ एकमेकांच्या शर्टात टाकत होती. याकूब मध्ये सापडून शिव्या घालत होता.

"आहोत," तो म्हणाला. "अजून आहोत आम्ही."

तर असं आहे. आता माझं सांगतो आणि थांबतो. डिकीतल्या उन्हानं माझा गोळा तडकलाय. दाबला की पोंऽऽ येता येता मध्येच फुस्स होतं. पोरं अजून मागतात मला, पण मॅच संपल्यावर, अपर्णाबाईंच्या परवानगीनं. सुरेश म्हणतो रोल्लाला गेलो की नवा आणू. याकूब म्हणतो सायकलच्या ट्यूबचा पॅच लाव, चालेल अजून. तो माझ्यावर बसला होता तेव्हापासून आमचं वाकडं, पण या बाबतीत आपण याकूबच्या बाजूनं. पॅच लावा, सुतळी बांधा, काय वाटेल ते करा. आवाज थोडा बसका येईल, चालवून घ्या. फक्त त्या खिळ्यावर परत लटकवू नका. आपल्यालाही आता दुसरी टीम जमायची नाही.