दातात धरायची बॅटरी

नळमास्तरांना बॅटरी हवी होती, आणि ती शनिवार संध्याकाळच्या आत हवी होती. बॅटरी म्हणजे आपला टॉर्च. चाळीस वर्षं लोकांच्या सिंकखाली आडवा पडलेला माणूस त्याला बॅटरीच म्हणणार, त्याला इलाज नाही. आता तुम्ही म्हणाल, बॅटरी घेण्यात काय एवढं? दुकानात जावं, बटण दाबून बघावं, बरी वाटली तर खिशात टाकून घरी यावं. खरंय, तुम्ही आम्ही असंच करतो. पण तुम्ही आम्ही बॅटरी हातात धरतो. मास्तर ती दातात धरायचे.

यात हौस कसली आलीय! सिंकखालचं कपाट म्हणजे जेमतेम एका माणसाचा खांदा आणि डोकं मावेल एवढी जागा. एका हाताने पाइप घट्ट धरायचा, दुसऱ्या हाताने पाना फिरवायचा. पाइप धरला नाही तर नटाबरोबर तोही फिरतो आणि भिंतीतला सांधा सुटतो. मग उजेडाला तिसरा हात आणायचा कुठून? या धंद्यातली बहुतेक माणसं बॅटरी तोंडातच धरतात. कुणाचीही घेऊन बघा, तिच्या शेपटावर दातांचे व्रण असणार.

मास्तरांची जुनी बॅटरी दोन जाड सेलांची, पत्र्याची, चांगली वजनदार. तिने चाळीस वर्षं इमानेइतबारे उजेड दिला आणि तेवढ्या वर्षांत मास्तरांचे पुढचे चार दात खिळखिळे करून पाडले. मग बाकीचेही हलू लागले. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हात टेकले, होते नव्हते ते सगळे काढले आणि वरखाली कवळी बसवून दिली.

मास्तर एके काळी देखणे होते आणि हे त्यांच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. दात काढल्यापासून कवळी येईपर्यंतचा महिना त्यांनी तोंडावर रुमाल बांधून काढला. कुणी विचारलं की म्हणायचे, धूळ फार आहे. कवळी आल्यावर ती रात्री काढून पाण्यात ठेवायची असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. मास्तर ती घालूनच झोपायचे. पस्तीस वर्षं शेजारी झोपणाऱ्या बायकोनेही त्यांचं बोळकं पाहिलेलं नव्हतं. हिरड्या सुजल्या तरी गडी हूं की चूं करत नव्हता. काय म्हणावं अशा माणसाला.

मग एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी व्हायचं ते झालं. मास्तर सवयीने सिंकखाली शिरले, बॅटरी दातात धरली. पण खोट्या दातांचं असं असतं, पुढून जोर दिला की मागची बाजू उचलली जाते. वरची कवळी सुटली आणि बॅटरीसकट खालच्या बादलीत पडली. बादलीत काय होतं ते सांगत नाही, तुम्ही जेवायला बसला असाल. अंधारात चाचपून मास्तरांनी कवळी शोधली, सदऱ्याला पुसली आणि तशीच तोंडात घातली.

"काही पडलं का हो?" बाहेरून बाईंनी विचारलं.

"वॉशर," मास्तर म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी एकट्याने सिंकखालचं एकही काम घेतलं नव्हतं. शॉवर, बेसिनचा नळ, गच्चीवरची टाकी, अशी उभ्याने होणारी कामं तेवढी करायचे. बाकीच्यांना सांगायचे, पुढच्या आठवड्यात बघतो. मध्ये एकदा बॅटरी धरायला माणूस घेऊन पाहिला, पण तो उजेड भलतीकडेच पाडायचा, आणि कपाटात दुसरं डोकं मावत नव्हतं ते वेगळंच.

अशातच मोठ्या इमारतीच्या व्यवस्थापकाचा फोन आला. बेचाळीस घरं, बेचाळीस सिंक, सगळे पाइप बदलायचे, सोमवारपासून सुरुवात. इमारत नवी होती तेव्हा ते पाइप मास्तरांनीच घातले होते. "शनिवारी पाचला फोन करतो," व्यवस्थापक म्हणाला, "हो की नाही तेवढं सांगा. जमणार नसेल तर दुसरा माणूस बघतो. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका, म्हणे. ज्याने बसवलं त्यानेच नाही म्हटलं, ही बातमी गावभर व्हायला दोन दिवस पुरतात. मग पुढे कामाचा फोन येतो कशाला? एकसष्ट वय, हात शाबूत, पाठ शाबूत, आणि सगळं अडलं कुठे तर हिरड्यांपाशी. मास्तरांना दोन रात्री झोप नव्हती.

शनिवारी दुपारी ते विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकान एक बाई चालवायच्या. चष्मा दोरीने गळ्यात, नजर गिऱ्हाइकाच्या हातांवर.

"रोजच्या वापराला बॅटरी पाहिजे," मास्तर म्हणाले. "फार महाग नको."

बाईंनी पाच-सहा काढून ठेवल्या. पहिली डोक्याला पट्ट्याने बांधायची. मास्तरांनी ती हातातही घेतली नाही. सिंकखाली कपाळ असतं सिंकच्या बुडाला टेकलेलं, उजेड पडणार तो त्या बुडावर आणि आपटून आपटून टेंगूळ येणार ते निराळं. दुसरी लोहचुंबकाची, कुठेही चिकटणारी. "कशाला चिकटवू?" मास्तरांनी विचारलं. "आता सगळे पाइप प्लास्टिकचे." तिसरी वाकणाऱ्या मानेची, गळ्यात अडकवायची. कुशीवर झोपलं की ती काखेत जाते. चौथी चांगली होती, सडसडीत, काळ्या धातूची. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, बाई वही बघताहेत असं वाटलं, आणि हळूच तिचं शेपूट दातात धरलं.

"खाण्याच्या वस्तू शेजारच्या दुकानात मिळतात," बाई वर न बघता म्हणाल्या.

मास्तर ओशाळले. बॅटरी पुसून ठेवायला लागले. एवढ्यात बाईंनी चष्मा लावला आणि त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"नळाचं काम करता ना? कवळी नवी आहे?"

मास्तरांचे कान लाल झाले.

"माझे वडील वायरमन होते," बाई म्हणाल्या. "त्यांचंही हेच झालं होतं. उजेडाकडे बघून काही उपयोग नाही. वजन बघा."

त्यांनी खिळे तोलायचा छोटा काटा पुढे ओढला आणि एकेक बॅटरी त्यावर ठेवत गेल्या, जसं काही वांगी तोलताहेत. काळी धातूची दीडशे ग्रॅम भरली. मग बाईंनी गल्ल्याजवळच्या बरणीत हात घातला. पर्समध्ये टाकायला बायका नेतात तसल्या, बोटाएवढ्या, पिवळ्या प्लास्टिकच्या बॅटऱ्या होत्या. दुकानातली सगळ्यांत स्वस्त वस्तू. त्यातली एक, पेन्सिल सेल घालून, तीस ग्रॅमसुद्धा भरली नाही.

"हे खेळणं आहे," मास्तर म्हणाले.

"मग तुमचं तोंड काय क्रेन आहे?" बाईंनी बटण दाबलं. उजेड मात्र सरळ, एका जागी पडणारा होता. "हातभर अंतरावर एक नट दिसायला याहून जास्त लागतं का? पण एक सांगते. कवळी घालून हीसुद्धा धरता येणार नाही. वडील काढून ठेवायचे आणि नुसत्या हिरड्यांत धरायचे. शेपटाला रबर गुंडाळा, म्हणजे टोचणार नाही. इथे बघायची असेल तर बघा धरून. मी तिकडे तोंड करते."

मास्तर म्हणाले, "नको. घरी बघतो."

घरी चिटपाखरू नव्हतं. बायकोचं कपडे उसवून-शिवून देण्याचं छोटं दुकान होतं, ती साडेपाचशिवाय येत नसे. मास्तरांनी पिशवीतून दोन रबरी वॉशर काढले, पिवळ्या बॅटरीच्या शेपटावर चढवले, वरून नळाची पांढरी टेप गुंडाळली. मग दार लावलं, कवळी काढली, वाटीत पाणी घेऊन तिच्यात ठेवली आणि वाटी ओट्यावर. सिंकखालच्या डब्या-बाटल्या बाहेर काढून ते आत शिरले.

बॅटरी हिरड्यांत बसली. मास्तरांनी डावीकडे बघितलं, उजेड डावीकडे. खाली बघितलं, उजेड खाली. दोन्ही हात मोकळे. त्यांनी सिंकखालच्या वाकड्या नळीचा, म्हणजे ट्रॅपचा, नट सोडवला, पुन्हा बसवला, पुन्हा सोडवला. किती दिवसांनी! अंधारात, कुबट वासात, मान मोडून पडलेल्या त्या माणसाला एवढा आनंद झाला की विचारू नका. तो तिसऱ्यांदा नट सोडवत होता तेव्हा बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

"अहो," बायको म्हणाली. "आज लवकर बंद केलं दुकान. आपला सिंक तुंबला का?"

मास्तर गार पडले. कपाटाबाहेर फक्त त्यांचे पाय आणि पोट. वाटी ओट्यावर, बायकोच्या नाकासमोर.

"अं," मास्तर म्हणाले. तोंडात बॅटरी, याहून जास्त बोलता येत नव्हतं, आणि बॅटरी काढून बोलायची तर त्याहून पंचाईत.

 मग पावलं जवळ आली आणि बायको त्यांच्या पायांपाशी जमिनीवर बसली.

"मी वाटी पाहिली," ती म्हणाली. "आता तुम्ही आत लपून काय उपयोग? मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई दुकानात आल्या होत्या, झगा आखूड करायला. म्हणाल्या, हिरड्या बिघडल्यात, रात्री काढायला सांगा. मी म्हटलं, सांगते. आणि घरी येऊन गप्प बसले. म्हटलं, काढतील आपणहून. मला रोज राग येत होता तुमचा. एवढं काय लपवायचं माझ्यापासून?"

 आत नुसता पिवळा उजेड हलत होता.

"बाहेर या. मला चहा टाकायचाय, आणि पाणी सोडलं तर तुमच्या अंगावर पडेल."

ही धमकी नव्हती, खरंच पडलं असतं, कारण ट्रॅप मास्तरांच्या हातात होता. त्यांनी तो बसवला, नट आवळला, बॅटरी विझवली. आणि मग, दुसरा काही मार्ग नाही म्हणून, ते बाहेर आले. आधी खांदे आले, मग डोकं. उठून बसले. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाकडे निघालेली, ओठ कुठे आहेत त्याचा पत्ता नाही. हात तोंडावर न्यायचा होता, पण हात चिखलाने बरबटलेले.

बायको बघत राहिली. चांगलं निरखून पाहिलं तिने.

"थेट सासूबाई," ती म्हणाली.

मास्तर खुदकन हसले, आणि बिनदाताचं हसू ते, आवरायला तोंडात काहीच नव्हतं. बायको तर ओट्याला धरून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिने पदराने पुसले.

"मला लाज वाटत होती," मास्तर म्हणाले. शब्द वेडेवाकडे निघत होते, पण कळत होते.

"माझी?"

"तुझीच. बाकीच्यांची एवढी नाही."

बायको उठली. तिने त्यांचे हात सिंकमध्ये धरले, नळ सोडला आणि साबण लावून, एकेक बोट करून धुतले. ट्रॅप जरासुद्धा गळला नाही. मग मास्तरांनी तिला सगळं सांगितलं, शिक्षिकेच्या घरची बादली, दुकानातला काटा, बेचाळीस सिंक, पाचचा फोन. "दर घरात काढावी लागणार," ते म्हणाले. "दर घरात लोक बघणार."

"बघू देत," बायको म्हणाली. "पण तुम्हाला चालेल का, ते तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही."

फोन पाचला पाच मिनिटं असतानाच वाजला. फोन ओट्यावर होता, त्याच्याशेजारी वाटी. मास्तरांनी आधी वाटीकडे बघितलं. कवळी तोंडात घालायला किती वेळ लागतो? फोन दोनदा वाजेल, बस. बायको चहाच्या आधणाकडे बघत उभी होती, मुद्दाम. मास्तरांनी फोन उचलला.

"सोमवारी येतो," ते म्हणाले. "आठ वाजता."

"कोण बोलतंय?" व्यवस्थापकाने विचारलं. "आजोबा, जरा मास्तरांना देता का फोन?"

आजोबा! मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने मान वळवली.

"मीच मास्तर," मास्तर म्हणाले, सावकाश, एकेक शब्द हिरड्यांवर तोलत. "दात काढून ठेवलेत. सिंकखाली काम करताना काढावे लागतात. बेचाळीस घरांत सांगून ठेवा, म्हणजे कुणी घाबरायला नको."



"सांगतो," व्यवस्थापक म्हणाला. "आठला या, पहिल्या मजल्यापासून सुरू करू."